हर्णैचा लांब फोटो

फोटो काढताना 'हलू नका' असं आपल्याला लहानपणापासून सांगत आलेत. लग्नात सांगतात, आधारकार्डाला सांगतात, बँकेच्या खात्यासाठी सांगतात. आजचं आमचं बोलणं त्या 'हलू नका'बद्दलच आहे. फक्त सुरुवात जरा लांबून करू, समुद्राकडून.

मागच्या माघात आमच्या गटातल्या अकरा जणी चार दिवस किनाऱ्याकिनाऱ्यानं फिरून आलो. पहिला मुक्काम श्रीवर्धन. मग हरिहरेश्वर करून बागमांडल्याला गाडी जंगलजेटीत चढवली आणि सावित्रीची खाडी ओलांडून वेसवीला उतरलो. पुढं केळशी, आंजर्ले, हर्णै, मुरुड, दाभोळ. रेवसपासून रेड्डीपर्यंतचा हा सागरी महामार्ग सुमारे ५०० किलोमीटरचा, पण त्याला महामार्ग म्हणताना जीभ जरा अडखळते. चार गावं झाली की खाडी आडवी येते. मग एकतर बोटीची वाट बघा, नाहीतर आत शिरून मोठा वळसा घाला. आम्ही घाटावरच्या, टँकरच्या रांगेत उभं राहणाऱ्या बायका. गाडीसकट पाण्यावर तरंगायचं याचंच आम्हाला अप्रूप, त्यामुळं तक्रार कुणी केली नाही.

आमच्यातल्या एकीची लेक बरोबर होती, बारावीतली. तिनं पहिल्याच दिवशी मोबाईलमधला 'पॅनोरमा' दाखवला. बटण दाबायचं, मोबाईल हळूहळू डावीकडून उजवीकडं फिरवायचा, आणि डोळ्यांच्या एका नजरेत मावत नाही एवढा सगळा देखावा एका लांबलचक पट्टीत येतो. आम्ही त्याचं नाव 'लांब फोटो' ठेवलं. मग काय, प्रत्येक वळणावर गाडी थांबवा. आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीपाशी तर ड्रायव्हरदादा म्हणाले, "अहो, समुद्र उद्या पण इथंच असणार आहे."

हर्णैच्या बंदरावर पोचलो तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. तिथला मासळीचा लिलाव पुष्कळ जणींनी टीव्हीवर पाहिला असेल. होड्या किनाऱ्यापासून दूर उभ्या असतात, बैलगाड्या पाण्यात शिरून मासळी आणतात, वाळूवर वाटे मांडले जातात आणि बोली सुरू होते. बोली लावणाऱ्या, पैसे मोजणाऱ्या, बर्फात माल भरणाऱ्या, टोपल्या उचलणाऱ्या कितीतरी बायकाच. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, शेजारी कनकदुर्ग आणि त्यावरचं दीपगृह. एवढं सगळं एकदम मिळतंय म्हटल्यावर आमच्या पोरीनं या टोकापासून त्या टोकापर्यंत लांब फोटो काढला.

फोटो बघितला आणि आम्ही हसून बेजार झालो. सुवर्णदुर्ग झकास आला होता, बुरूज न् बुरूज मोजून घ्यावा असा. डोंगर छान, आभाळ छान. पण एका बैलाला सहा पाय फुटले होते. एक टोपली बाईशिवाय हवेत चालली होती. आणि अगदी मधोमध बोली लावणाऱ्या एका मावशींना तीन हात होते आणि डोकं अर्धंच.

तेवढ्यात त्याच मावशी समोर येऊन उभ्या राहिल्या. "नुसतेच फोटो काय गो काढता? मासली घ्या की."

आम्ही सुरमई घेतली. घासाघीस केली, ती आमच्यापेक्षा त्यांनाच जास्त जमत होती. मग तो फोटो त्यांना दाखवला. त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाल्या, "किल्ला बरा आलाय. आमचीच मोडतोड झाली."

आमचं हसणं तिथं थांबलं. गावी परतल्यावर आमच्यातल्या तिघींनी ठरवलं की या लांब फोटोचा माग काढायचा. हे असं रुंद चित्र काढायची गरज मुळात कुणाला पडली? आणि त्यात किल्ला शाबूत राहतो, बाईची मोडतोड होते, हे आजचंच आहे की पहिल्यापासूनचं?

किनाऱ्याचं लांब चित्र किनाऱ्यावर राहणाऱ्याला लागत नाही. देवळाचा कळस अमक्या डोंगराच्या खांद्यावर आला की होडी कुठं वळवायची, हे नाखव्याला पाठ असतं. चित्र लागतं परक्याला. १५३८ च्या नोव्हेंबरात गोव्याहून एक पोर्तुगीज आरमार दीवकडं निघालं. त्यात जुआंव द कास्त्रो नावाचा गृहस्थ होता. पुढं तो गोव्याचा व्हाइसरॉय झाला आणि १५४८ मध्ये गोव्यातच वारला. वाटेतल्या प्रत्येक बंदराची त्यानं नोंद केली. पाणी किती खोल, खडक कुठं, भरती-ओहोटी कशी. आणि जोडीला बंदरांची चित्रं. त्यात दाभोळ आहे, चौल आहे. आता हे दाभोळ कोणतं? तीस वर्षांपूर्वी, १५०८ च्या डिसेंबरअखेरीस, याच पोर्तुगीजांच्या आल्मेदा नावाच्या व्हाइसरॉयनं जाळून लुटलेलं. त्याच खाडीच्या तोंडाचं हे चित्र. म्हणजे आपण ज्याला देखावा म्हणतो तो त्यांच्यासाठी वाटेचा कागद होता. पुढं इंग्रजांच्या सागरी नकाशांवरही कडेला किनाऱ्याची अशी लांब रेघ काढलेली असायची, जहाजावरून डोंगर कसे दिसतात ती. आम्ही रस्त्यावरून समुद्राकडं तोंड करून फोटो काढत होतो. ही सगळी जुनी चित्रं समुद्रावरून आपल्याकडं तोंड करून काढलेली आहेत.

आता परत हर्णैला येऊ, कारण या गोष्टीतला सगळ्यात चमत्कारिक भाग हर्णैचाच आहे.

सुवर्णदुर्ग आंग्र्यांच्या आरमाराचं मोठं ठाणं. १७५५ मध्ये तो तुळाजी आंग्र्यांच्या ताब्यात होता. पेशव्यांचं आणि तुळाजींचं बिनसलेलं. पेशव्यांनी इंग्रजांना हाताशी धरलं आणि त्या एप्रिलमध्ये कमोडोर विल्यम जेम्स या इंग्रज आरमारी अधिकाऱ्यानं समुद्रातून तोफा डागल्या. आपल्याच माणसानं आपलं आरमार बुडवायला परका बोलावला, याबद्दल इतिहासकार अजून भांडतात. आमचंही गाडीत भांडण झालं, ते इथं नको. ऑर्म नावाच्या त्या काळच्या इंग्रज इतिहासकारानं लिहून ठेवलंय की किल्ल्यातलं दारूकोठार उडालं आणि बायका-पोरं धरून सुमारे हजार माणसं किल्ल्याबाहेर धावली. सात-आठ मोठ्या होड्यांत बसून ती समोरच्या किनाऱ्यावरच्या गोवा किल्ल्याकडं निघाली होती. इंग्रजांच्या गलबतांनी त्यांना मधेच गाठलं आणि सगळ्यांना धरलं. सुवर्णदुर्ग ते किनारा हे अंतर आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. दिसायला अगदी हाकेवर. त्या पट्ट्यात आज मासळीच्या होड्या उभ्या असतात.

त्याच वर्षी विजयदुर्गाची पाहणी करायलाही जेम्सलाच पाठवलं. त्यानं पाण्याची खोली मोजून आणली आणि १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गही पडला. जेम्स विलायतेला परतला, 'सर' झाला, श्रीमंत झाला आणि १७८३ च्या डिसेंबरात वारला. त्याच्या बायकोनं, लेडी जेम्सनं, नवऱ्याच्या आठवणीसाठी लंडनजवळच्या एका टेकडीवर १७८४ मध्ये तीन कोनांचा एक मनोरा बांधला. नाव काय ठेवलं? सेव्हर्नड्रूग. म्हणजे आपला सुवर्णदुर्ग, इंग्रजांच्या तोंडात मोडलेला. तो मनोरा आजही उभा आहे. उंची सुमारे ६३ फूट, टेकडी धरून त्याहून कितीतरी जास्त. वर चढलं की सगळं लंडन आणि भोवतालचे परगणे एका फेरीत दिसतात. लंडन आणि पॅरिसच्या वेधशाळा जोडायची मोठी मोजणी झाली, तेव्हा मोजणीचं यंत्र या मनोऱ्यावरही चढवलं होतं.

हे वाचलं तेव्हा आम्ही बराच वेळ गप्प बसलो. एका विधवेनं नवऱ्याची आठवण जपली, त्याला आम्ही नावं ठेवणार नाही. आपणही फोटोला हार घालतोच. पण हर्णैच्या पाण्यात होड्यांतून पळणाऱ्या त्या बायकांचे नवरे, त्यांची नावं, यांतलं काहीच कुठल्या टेकडीवर नाही. मनोऱ्यावरून लांबलांबचं दिसतं म्हणे. हा पट्टा नाही दिसत.

मनोरा बांधून तीनच वर्षं झाली आणि १७८७ मध्ये रॉबर्ट बार्कर नावाच्या चित्रकारानं एका नव्या युक्तीचा हक्क सरकारदरबारी नोंदवला. तो एडिंबरोत राहायचा. गावातल्या टेकडीवर उभा राहून त्यानं सभोवारचं शहर रंगवलं, पूर्ण गोल, जिथून सुरू केलं तिथंच येऊन मिळेल असं. मग लंडनला त्यानं खास गोल इमारत बांधली. तिकीट काढायचं, अंधाऱ्या बोळातून जायचं, जिना चढून मधल्या ओट्यावर यायचं, आणि बघावं तिकडं चित्रच चित्र. शेवट कुठंच नाही. 'पॅनोरमा' हा शब्दही याच खेळासाठी तयार झाला, ग्रीक भाषेतले दोन शब्द जोडून. अर्थ साधा, 'सगळं दिसणं'. लंडनमधल्या त्या इमारतीत पहिल्यांदा लागलेल्या मोठ्या चित्रांत इंग्रज आरमाराचं एक चित्र होतं आणि ते बघताना राणी शार्लटला बोट लागल्यासारखं मळमळलं, असं सांगतात. खरं खोटं त्या राणीला ठाऊक. आमच्यातल्या दोघींना बागमांडल्याच्या जेटीत खरंच मळमळलं होतं, त्यामुळं आमची तिला सहानुभूती आहे.

लोकांना हा खेळ इतका आवडला की लढाया, शहरं, बंदरं, सगळ्याचे पॅनोरमा निघाले. १७९९ च्या मे महिन्यात श्रीरंगपट्टण पडलं, टिपू सुलतान मारला गेला. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये त्या हल्ल्याचं सुमारे १२० फूट लांबीचं चित्र लागलं आणि लोटालोट झाली. काढणारा रॉबर्ट कर पोर्टर जेमतेम तेविशीतला. श्रीरंगपट्टण त्यानं डोळ्यांनी पाहिलंही नव्हतं. 'सगळं दिसणं' ते हे असं. बघणारा मधोमध ओट्यावर उभा, आणि दुसऱ्याचं घर जळताना चोहोबाजूंनी दिसतंय.

कॅमेरा आला तेव्हा वाटलं असेल, आता खरं तेच येईल. तिथं ते 'हलू नका' सुरू झालं. पॅरिसमध्ये डागेर नावाच्या माणसानं १८३८ मध्ये एका गजबजलेल्या रस्त्याचा फोटो काढला. फोटो उमटायला तेव्हा कित्येक मिनिटं लागत. रस्त्यावरून गाड्या जात होत्या, घोडे जात होते, माणसं जात होती. फोटोत काय आलं? रिकामा रस्ता. हलणारं सगळं पुसलं गेलं. कोपऱ्यात एक माणूस बुटाला पॉलिश करून घ्यायला पाय पुढं करून उभा राहिला होता, तेवढा आला, आणि पॉलिश करणाऱ्याची जरा सावलीसारखी आकृती. बाजारातून घाईनं घरी जाणारी, पोराला शाळेत सोडणारी, ओझं वाहणारी जी कोण असतील ती त्या दिवशी तिथं असून नव्हती.

त्यातच रुंद फोटोची हौस. १८४३ मध्ये ऑस्ट्रियात योसेफ पुखबर्गर या माणसानं हातानं मूठ फिरवून भिंग या बाजूपासून त्या बाजूपर्यंत वळेल असा कॅमेरा केला. बाकीचे लोक साधा कॅमेरा तिवईवर फिरवून काचेवर एकामागून एक फोटो घेत आणि कडा जुळवून शेजारी चिकटवत. फेलिचे बियाटो या फोटोग्राफरनं १८५८ मध्ये लखनौचे असे लांब फोटो घेतले. सत्तावनच्या उठावात लखनौत महिनोन् महिने लढाई झाली होती. मशिदीच्या मिनारावर चढून त्यानं काढलेल्या त्या फोटोंत कमानी, घुमट, महाल सगळं लांबवर पसरलेलं दिसतं, आणि शहर मात्र निर्जन. किती तरी लोक शहर सोडून गेलेच होते. जे उरले, ते पोटापाण्यासाठी हलत असणार. शहाणी माणसं ते फोटो बघून वास्तुकलेबद्दल बोलतात. आम्हाला ते बघताना चुली कुठं आहेत असं वाटत राहिलं.

मग १९०४ च्या सुमारास अमेरिकेत सर्कट नावाचा कॅमेरा आला. तो चावीवर स्वतःभोवती फिरतो आणि आतली फिल्मही त्याच बेतानं सरकते. पलटणींचे, शाळांचे लांबच लांब फोटो त्यावर निघत. यात एक गंमत होती. एखादं वांड पोर डाव्या टोकाला उभं राहायचं, कॅमेरा पुढं वळला की सगळ्यांच्या पाठीमागून धूम पळत उजव्या टोकाला जाऊन उभं राहायचं. एकाच फोटोत तेच पोर दोनदा! ही गंमत लक्षात ठेवा, आम्हाला ती पुढं उपयोगी पडली.

आपल्या हातातला मोबाईल यातलंच थोडंथोडं सगळं करतो. तो एक फोटो काढत नाही. तुम्ही वळत असता तेव्हा तो भराभर उभ्या पट्ट्या कापतो, शेजारच्या दोन पट्ट्यांत सारख्या खुणा शोधतो आणि गोधडीसारख्या जोडतो. दोन पट्ट्यांच्या मधल्या वेळात डोंगर हलत नाही, किल्ला हलत नाही. मावशींचा हात हलतो. मग एका पट्टीतला हात आणि दुसऱ्या पट्टीतला खांदा यांची गाठ चुकते. जवळची वस्तू असेल तर आणखी घोळ. एक डोळा मिटून बोट बघा, मग दुसरा मिटून बघा, बोट सरकल्यासारखं दिसतं ना? मोबाईल जागेवरून सरकला की त्यालाही तसंच होतं. म्हणून हात लांब करून सगळ्या अंगानिशी गरागरा फिरायचं नाही. कोपरं अंगाशी घ्यायची, मोबाईल उभा धरायचा म्हणजे आभाळ आणि वाळू दोन्ही जास्त येतात, आणि मोबाईल जागच्या जागी राहील असं त्याच्याभोवती पावलं टाकत वळायचं. सूर्याकडून सुरुवात करू नका, पुष्कळ मोबाईल पहिल्याच पट्टीचा उजेड धरून बसतात आणि पुढचा सगळा किनारा काळा येतो. क्षितिजाची रेघ मधल्या बाणावर ठेवायची. आणि समुद्र सरळ असताना फोटोत धनुष्यासारखा वाकला तर घाबरू नका. गोल वळून बघितलेलं सपाट कागदावर पसरलं की ते वाकणारच.

हे आम्ही एवढं सविस्तर का सांगतोय, तर श्रीवर्धनमुळं.

श्रीवर्धनला आम्ही एका ताईंच्या घरी उतरलो होतो. घरामागं माड-पोफळीची वाडी. वाडी म्हणजे आता नव्यानं लावलेली. ३ जून २०२० ला दुपारी निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. ताशी ११० ते १२० किलोमीटरचा वारा. श्रीवर्धन, दिवेआगर, खाली मंडणगड-दापोलीपर्यंत वाड्या आडव्या झाल्या. पोफळ लावली की सुपारी हातात यायला सहा-आठ वर्षं जातात. आजेसासऱ्यांनी लावलेली झाडं दोन तासांत गेली. भरपाई आधी हेक्टराच्या हिशेबानं ठरली. वाड्या असतात गुंठ्यांच्या, त्यामुळं लोकांनी ओरड केली, आणि मग माडाला इतके, पोफळीला इतके असा झाडागणिक हिशेब आला. पण झाड पडल्यावर, तोडून बाजूला केल्यावर, ते मोजायचं कसं? ताई म्हणाल्या, "आमची झाडं कागदावर कमी भरली. आम्ही सांगत होतो, पण दाखवायला काय होतं?"

त्यांनी आम्हाला कपाटातले फोटो दाखवले. लग्नाचे, मुंजीचे, सत्यनारायणाचे, सासूबाईंच्या पंचाहत्तरीचे. सगळ्यांत मागं कुठंतरी वाडी आहे. कुणाच्या खांद्यावरून एक माड डोकावतोय, मांडवाच्या झालरीमागं चार पोफळी आहेत. वाडीचा असा फोटो एकही नाही. "रोजचीच ती, तिचा कसला फोटो काढायचा," असं त्या म्हणाल्या आणि आम्हा अकरा जणींना आपापलं शेत आठवलं. आमच्याकडं डाळिंबाच्या बागेचा गारपिटीनंतरचा फोटो प्रत्येकीकडं आहे. गारपिटीआधीचा?

म्हणून आता आमच्या गटात असं ठरलंय. वर्षातून दोनदा, मृगाआधी आणि दसऱ्याला, बांधावरच्या एकाच जागी उभं राहून शेताचा लांब फोटो काढायचा. जागा बदलायची नाही. विहिरीचा कठडा, विजेचा खांब, असं न हलणारं काहीतरी डाव्या टोकाला धरायचं. लांब फोटोत अंतर फसवं येतं, त्यावरून जमीन मोजता येत नाही. म्हणून जोडीला साधे फोटोही घ्यायचे, ओळीनं, कडा एकमेकीवर चढतील असे, झाडं मोजता येतील इतक्या जवळून. आणि काढले की लगेच दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाईलवर पाठवून ठेवायचे, कारण मोबाईल पाण्यात पडतो, पोरं फोटो पुसतात. अशा फोटोनं काम होईलच अशी खात्री आम्ही देत नाही. पण पंचनाम्याला आलेल्या माणसासमोर नुसतं तोंडी सांगण्यापेक्षा ते बरं.

फोटोत न येणारंही पुष्कळ असतं म्हणा. हर्णैच्या पुढं मुरुड लागतं, महर्षी कर्व्यांचं गाव. तिथं आम्ही सगळ्यात सुंदर लांब फोटो काढला. वाळू, सुरूची झाडं, मावळतीचं पाणी. १८९३ मध्ये कर्व्यांनी गोदूबाईंशी, एका विधवेशी, लग्न केलं आणि दोघं या गावी आली, तेव्हा गावानं त्यांना वाळीत टाकलं होतं. त्याच वाळूवर आम्ही उभ्या होतो, आमच्यातल्या तिघी विधवा, कपाळाला टिकली लावून, भेळ खात. त्या फोटोत नुसता समुद्र दिसतो. त्यामुळं मागच्या बाजूला हे सगळं आम्ही पेनानं लिहून ठेवलंय.

राहता राहिल्या हर्णैच्या मावशी. दाभोळहून परत येताना आम्ही मुद्दाम हर्णैला वाकडी वाट केली. सकाळचा लिलाव चालू होता. म्हटलं, मावशी, सगळ्या जणी मिनिटभर हलू नका, चांगला फोटो काढतो. त्या म्हणाल्या, "लिलाव थांबतो काय गो तुझ्या फोटोसाठी?" तेही खरंच. मग आम्हाला ते काचेचे तुकडे जोडणारे जुने लोक आठवले असते तर बरं झालं असतं, पण ते तेव्हा माहीत नव्हते. आमच्या पोरीनं कंटाळून सरळ साधे फोटो काढले. एका जागी उभं राहून, डावीकडून उजवीकडं, एकेक करून पाच. त्याला बराच वेळ लागला, कारण मधेमधे बैलगाडी आडवी येत होती.

गावी आल्यावर तालुक्याला जाऊन ते पाच फोटो छापून आणले आणि पुठ्ठ्यावर शेजारी शेजारी चिकटवले. कडा नीट जुळत नाहीत. आभाळाचा रंग प्रत्येक तुकड्यात वेगळा आहे. पण बैलाला पाय चारच आहेत. आणि मावशी त्या लांब फोटोत तीनदा आहेत, त्या पळणाऱ्या पोरासारख्या. पहिल्या तुकड्यात वाट्यावर वाकून मासळी बघताहेत, तिसऱ्यात हात वर करून बोली लावताहेत, पाचव्यात टोपली डोक्यावर घेऊन चालल्यात. तिन्ही वेळा अख्ख्या. सुवर्णदुर्ग त्यांच्या कोपराखाली आला आहे, थोडासा.

एक प्रत त्यांना टपालानं पाठवली. आठ दिवसांनी फोन आला. फोटो बरा आहे म्हणाल्या, घरात लावलाय. मग विचारलं, "त्या दिवशी सुरमई केवढ्याला गेली ते मागं लिहिलंत काय?"

लिहिलं नव्हतं. त्यांनी भाव सांगितला, तो आमच्या प्रतीवर लिहून ठेवला आहे.